महाड नगरपालिकेचे दोन ठराव

चवदार तळ्याचा सत्याग्रह शाळेच्या पुस्तकात चार-पाच ओळींत आटोपतो. २० मार्च १९२७, बाबासाहेब आंबेडकर, हजारो माणसांचा मोर्चा, तळ्याचं ओंजळभर पाणी. मग डिसेंबरातलं मनुस्मृतिदहन. त्या ओळींमध्ये कुठेतरी एक अर्धं वाक्य असलंच तर असतं, की महाडच्या नगरपालिकेनं हे तळं आधीच अस्पृश्यांना खुलं केलं होतं. विद्यार्थी ते वाचून पुढे जातात. शिक्षकही पुढे जातात, कारण प्रश्न येतो तो तारखेवर.

मला आज त्या अर्ध्या वाक्याबद्दल लिहायचं आहे.

मी अनेक वर्षं इतिहासाबरोबर नागरिकशास्त्रही शिकवलं. ज्यांनी शिकवलंय त्यांना ठाऊक आहे, की नागरिकशास्त्र म्हणजे इतिहासाच्या पुस्तकाचं शेपूट. नगरपालिकेचा धडा तर सगळ्यांत रुक्ष. नगराध्यक्ष, मुख्याधिकारी, आवश्यक कामे, ऐच्छिक कामे, दिवाबत्ती, सांडपाणी! मुलं जांभया देत. खरं सांगायचं तर महाडची गोष्ट त्या धड्यात घातली असती तर एकानंही जांभई दिली नसती. नगरपालिकेचा ठराव म्हणजे काय, तो केव्हा खरा असतो आणि केव्हा नुसता कागद, 'सार्वजनिक मालमत्ता' या शब्दांचा अर्थ काय, हे सगळं एका तळ्याच्या काठावर घडलेलं आहे. आणि त्याचा निकाल लागायला थेट हायकोर्टापर्यंत जावं लागलं.

आधी गावाबद्दल. महाड हे तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातलं (१९८१ पासून रायगड जिल्हा) तालुक्याचं गाव. सावित्री आणि गांधारी या नद्यांच्या काठचं, घाटावरचा माल खाली आणि बंदरातला माल वर नेणाऱ्या वाटेवरचं, त्यामुळे बाजारपेठ पहिल्यापासून मोठी. रायगड किल्ला जवळ. मामलेदार कचेरी इथेच. आसपासच्या खेड्यांतल्या माणसांना या ना त्या कारणानं महाडला यावंच लागे.

हे 'यावंच लागे' महत्त्वाचं आहे. बाबासाहेबांनी स्वतः महाडविषयी लिहिताना हा मुद्दा अगदी वकिली नेमकेपणानं मांडला आहे. अस्पृश्य माणूस महाडला केवळ बाजारहाटाला येत नसे. गावकामगार म्हणून त्याच्याकडे वतनाची कामं होती. पाटील-कुलकर्ण्यांचे कागद तालुक्याला पोचवणं, गावचा वसूल कचेरीत भरणं, ही सरकारी कामं त्याच्या पायांवर चालत. म्हणजे सरकारचा पैसा त्याच्या हातून चाले, सरकारचा टपाल तो आणी, पण मैलोन्‌मैल चालून महाडला आल्यावर तहान लागली तर काय? बाहेरून आलेल्या माणसाला पाणी मिळेल असं सार्वजनिक ठिकाण एकच, ते म्हणजे चवदार तळं. तिथे त्याला मज्जाव. अस्पृश्य वस्तीत एक विहीर होती, ती गावाच्या मध्यापासून लांब. आणि बाबासाहेब पुढे जे नोंदवतात ते वाचून मी थांबलो होतो. ती विहीर नगरपालिकेच्या हयगयीमुळे गाळानं भरून गेली होती!

म्हणजे बघा, गोष्टीच्या सुरुवातीलाच नगरपालिका आहे. धर्म, रूढी, विटाळ हे सगळं आहेच. पण त्याच्या जोडीला एक साधी म्युनिसिपल हयगयही आहे. एका वस्तीची विहीर उपसली गेली नाही. ज्यांनी उपसून घ्यायची त्यांना त्या विहिरीचं पाणी प्यायचं नव्हतं.

तळं चार-पाच एकरांचं. त्याच्या चारही बाजूंनी नगरपालिकेचे रस्ते, रस्त्यापलीकडे घरं. घरं बहुतेक सवर्ण हिंदूंची, काही मुसलमानांची. काठावरच्या जमिनीच्या पट्ट्या, घाट, दगडी बांध यांतले बरेचसे या घरवाल्यांच्या खाजगी मालकीचे. काही घाट आणि बांधाचा काही भाग नगरपालिकेचा. हे सगळं वर्णन हायकोर्टाच्या निकालपत्रात आलेलं आहे, आणि ते उगीच आलेलं नाही. पुढे कळेलच.

थोडं मागे जातो. महाडची नगरपालिका १८६० च्या दशकातली. लॉर्ड रिपननं १८८२ साली स्थानिक स्वराज्याचा तो प्रसिद्ध ठराव केला, त्याच्याही आधीची. रिपननंतर तालुका लोकल बोर्डं आली. महाडच्या तालुका लोकल बोर्डावर १८९५ साली सरकारनं एका पेन्शनर हवालदाराची नेमणूक केली. त्यांचं नाव गोपाळबाबा वलंगकर. महाडजवळच्या रावढूळचे, फौजेतून १८८६ मध्ये निवृत्त झालेले, महात्मा फुल्यांच्या विचारांचे, अस्पृश्यतेविरुद्ध लिहिणारे, 'विटाळ विध्वंसक' ही पुस्तिका काढणारे. बोर्डाच्या उच्चवर्णीय सभासदांना ही नेमणूक अजिबात रुचली नाही. वर्तमानपत्रांतून वाद झडला.

विचार करा, तालुका लोकल बोर्डाचं काम ते काय? रस्ते, विहिरी, धर्मशाळा, शाळा, लस टोचणारे. त्या कामाला बसायचं म्हणजे एका सतरंजीवर, एका खोलीत बसायचं. विहिरीवर चर्चा करायला एक माणूस आला, ज्याला त्या विहिरीवर जाता येत नव्हतं. इंग्रज सरकारनं नेमलं म्हणून ते आत आले. गावानं निवडलं असतं का? मुळीच नाही. मत होतं ते कर भरणाऱ्याला, मालमत्ता असणाऱ्याला. म्हणजे नगरपालिकेत कोण बसणार, तर ज्यांची घरं आहेत ते. आणि तळ्याभोवती कुणाची घरं होती हे वर सांगितलंच आहे. स्थानिक स्वराज्य म्हणजे स्थानिकांचं राज्य हे खरं, पण स्थानिकांमधल्या कुणाचं, हा प्रश्न आमच्या नागरिकशास्त्राच्या पुस्तकानं कधी विचारला नाही.

असो. आता १९२३ वर येऊ.

त्या वर्षी ४ ऑगस्टला मुंबई विधिमंडळात सीताराम केशव बोले यांनी एक ठराव आणला आणि तो संमत झाला. बोले हे भंडारी समाजातले, कामगार चळवळीतले, सत्यशोधकी विचारांचे. ठरावाचा मतितार्थ असा: सरकारी पैशातून बांधलेले वा चालवलेले, अथवा सरकारनं नेमलेल्या किंवा कायद्यानं निर्माण झालेल्या संस्थांच्या ताब्यात असलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसंच सार्वजनिक शाळा, न्यायालयं, कचेऱ्या, दवाखाने यांचा वापर अस्पृश्यांना करू द्यावा, अशी शिफारस.

शिफारस हा शब्द ध्यानात ठेवा. सरकारनं ११ सप्टेंबर १९२३ ला या ठरावावर आपला हुकूम काढला. मला या सगळ्या कथेत हा हुकूम सर्वांत बोधक वाटतो. त्याचे दोन भाग आहेत. स्वतःच्या ताब्यातल्या जागांविषयी सरकारनं खातेप्रमुखांना ठरावाची अंमलबजावणी करा असं सांगितलं. आणि नगरपालिका, लोकल बोर्डं यांच्याविषयी? कलेक्टरांनी या संस्थांना असा सल्ला द्यावा, की त्यांनी ही शिफारस स्वीकारणं इष्ट आहे काय याचा विचार करावा! सल्ला देण्याची विनंती, आणि तीही विचार करण्याच्या इष्टतेबद्दल. कारकुनी भाषेचा हा नमुना माझ्या मराठीच्या वर्गात ठेवण्यासारखा आहे. सरकारची अडचण समजते. स्थानिक संस्था स्वायत्त, तिच्या कारभारात हात घालायचा नाही. पण गावातले पाणवठे बहुतेक सगळे त्या स्वायत्त संस्थांच्याच ताब्यात होते. म्हणजे जिथे तहान होती तिथे हुकूम पोचला नाही, सल्ला पोचला.

महाडच्या नगरपालिकेनं मात्र हा सल्ला मानला. १९२४ साली तिनं ठराव करून चवदार तळं अस्पृश्यांना खुलं केलं.

याचं श्रेय द्यायला हवं. त्या काळात मुंबई इलाख्यातल्या कितीतरी नगरपालिकांनी हेही केलं नाही. महाडात सुधारकांचा एक गट होता. सुरेंद्रनाथ टिपणीस, ज्यांना सगळे सुरबानाना म्हणत, ते नगरपालिकेचे अध्यक्ष. त्यांचे सहकारी अनंतराव चित्रे. दोघेही चांद्रसेनीय कायस्थ प्रभू. गावातल्या प्रतिष्ठित घरांतली माणसं आपल्याच आळीतल्या लोकांचा रोष पत्करून उभी राहिली. बाबासाहेबांच्या चरित्रात यांची नावं येतात, पण घाईत. माझ्या मते सुरबानानांवर एखादं चांगलं, जाड पुस्तक व्हायला हवं.

पण ठराव झाला आणि पुढे काहीच झालं नाही. १९२४ गेलं, १९२५ गेलं, १९२६ गेलं. एकही अस्पृश्य माणूस तळ्यावर पाणी भरायला आला नाही. येणार कसा? ठराव नगरपालिकेच्या वहीत होता, आणि घाटावर सवर्णांची वस्ती होती. वहीतलं वाक्य वाचून दाखवत कुणी घागर बुडवत नाही. ज्यांना ग्रामपंचायतीचा, नगरपालिकेचा थोडाफार अनुभव आहे त्यांना हा प्रकार नवीन नाही. ठराव एकमतानं होतो, सह्या होतात, चहा होतो. ठराव मोडायला कुणी विरोध करावा लागत नाही, त्याकडे दुर्लक्ष पुरतं. १९२४ च्या त्या ठरावाला हात वर करणाऱ्यांतले काहीजण मनापासूनचे असतील. काहीजणांनी असाही हिशेब केला असेल, की यानं सरकार खूश होतं आणि आपलं काहीच बिघडत नाही, कारण तळ्यावर कोण येतोय? (हा माझा तर्क, पण माणसांच्या स्वभावावरून बांधलेला.)

बोल्यांनाही हे दिसत होतं. म्हणून त्यांनी ५ ऑगस्ट १९२६ ला विधिमंडळात दुसरा ठराव आणला. ज्या नगरपालिका आणि लोकल बोर्डं पहिल्या ठरावाची अंमलबजावणी करणार नाहीत त्यांचं अनुदान बंद करावं, अशी ती शिफारस होती. म्हणजे तीन वर्षांत सल्ल्यावरून पैशापर्यंत गाडी आली. मास्तरकीत आम्हीही हेच करायचो. आधी समजावणी, मग शिक्षा. पैशाची भाषा संस्थांना बरोबर कळते.

मार्च १९२७ मध्ये महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. १९ आणि २० तारखेला. अध्यक्ष डॉ. आंबेडकर. ते नुकतेच मुंबई विधिमंडळावर सरकारनियुक्त सभासद झाले होते. परिषद महाडला घ्यायची यामागे लाडवलीचे तरुण कार्यकर्ते रामचंद्र बाबाजी मोरे यांची मोठी खटपट होती. चित्रे आणि टिपणीस बरोबर होतेच. कुलाबा, रत्नागिरी, इकडून तिकडून माणसं चालत आली. पाठीवर भाकऱ्यांची गाठोडी.

भाकरी घरून आणता येते. पाणी? एवढ्या माणसांना पाणी कुठून द्यायचं? धनंजय कीरांच्या आंबेडकर-चरित्रात एक तपशील आहे. परिषदेसाठी सवर्णांकडून चाळीस रुपयांचं पाणी विकत घ्यावं लागलं.

हे मला पुन्हा सांगावंसं वाटतं. नगरपालिकेचा ठराव होऊन तीन वर्षं झाली आहेत. तळं चार-पाच एकरांचं, भरलेलं, हाकेच्या अंतरावर. कागदावर ते या माणसांचंही आहे. आणि ती माणसं चाळीस रुपये मोजून पाणी विकत घेत आहेत. १९२७ चे चाळीस रुपये! ठरावाची खरी किंमत काय, हे त्या हिशेबाच्या चिठ्ठीवर लिहिलेलं होतं.

२० तारखेला परिषदेनं ठरवलं, की नगरपालिकेनं दिलेला हक्क बजावायचा. चार-चारच्या रांगा करून मिरवणूक शिस्तीत गावातून तळ्यावर गेली. बाबासाहेब तळ्याचं पाणी प्यायले, मग इतर प्यायले, आणि सगळे शांतपणे मांडवाकडे परतले. यात कायद्याचा भंग कुठेच नव्हता. सत्याग्रह म्हणतो आपण त्याला, आणि सत्याग्रह म्हटलं की मिठासारखा कायदेभंग डोळ्यांसमोर येतो. इथे उलट होतं. मोर्चातली माणसं नगरपालिकेच्या ठरावाची अंमलबजावणी करत होती. नगरपालिकेचं जे काम तीन वर्षं पडून होतं ते त्यांनी स्वतःच्या हातांनी केलं, अक्षरशः हातांनी.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. आता हे लोक वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी आवई उठली. जमाव लाठ्याकाठ्या घेऊन मांडवावर चालून गेला. जेवणारी माणसं मारली, अन्न मातीत मिसळलं, गावाकडे परतणाऱ्यांना वाटेत गाठून झोडपलं. काहींना मुसलमानांच्या घरांनी आसरा दिला. बाबासाहेबांनी आपल्या माणसांना हात उगारू दिला नाही. त्यांच्याकडे माणसं कमी नव्हती, फौजेतून आलेले पेन्शनर होते. त्यांनी हात उगारला असता तर त्या दिवशी महाडचं काय झालं असतं, सांगता येत नाही. मारहाण करणाऱ्यांपैकी पाच जणांना जूनमध्ये चार महिन्यांची सक्तमजुरी झाली.

आणि तळं 'शुद्ध' करण्यात आलं. १०८ घागरी पाणी उपसून, दूध, दही, शेण, गोमूत्र मंत्रोच्चारांसह तळ्यात ओतून. तळ्यातून मुसलमान आणि ख्रिस्ती पाणी भरत, गुरंढोरं पाणी पीत, त्यानं तळं बाटत नव्हतं; हा बाबासाहेबांचा युक्तिवाद होता आणि त्याला कुणी उत्तर दिल्याचं मला आढळलं नाही.

आता दुसरा ठराव. ४ ऑगस्ट १९२७. महाडच्या नगरपालिकेनं आपला १९२४ चा ठराव रद्द केला.

तारीख पाहा. बोल्यांचा ठराव ४ ऑगस्ट १९२३ चा. बरोबर चार वर्षांनी, त्याच तारखेला. योगायोगच म्हणायचा, पण इतिहास शिकवणाऱ्याला असे योगायोग सोडवत नाहीत.

या दुसऱ्या ठरावाबद्दल मी पुष्कळ विचार केला. कुणी म्हणेल, नगरपालिका दुटप्पी. मला ते पुरेसं वाटत नाही. पहिला ठराव तीन वर्षं जिवंत राहिला, कारण त्याला कुणी हात लावला नव्हता. ज्या दिवशी कुणी तो खरा मानून तळ्यावर गेलं त्या दिवसापासून त्याचे दिवस भरले. म्हणजे महाडच्या बहुसंख्य सभासदांना तळं खुलं असण्याला हरकत नव्हती, तळं वापरलं जाण्याला होती. एका लहान गावच्या सभागृहावर आळीचं दडपण किती येतं हे शहरातल्या माणसांना कळणार नाही. सभासद संध्याकाळी त्याच आळीत परततो. त्याच्या घरच्या लग्नाला भटजी हवा असतो, न्हावी हवा असतो. पण म्हणून त्याला सूट द्यावी असंही मला वाटत नाही, कारण सुरबानानाही त्याच गावात राहत होते.

ठराव रद्द झाल्यावर बाबासाहेबांनी जाहीर केलं की आम्ही पुन्हा महाडला जाणार, २५ डिसेंबरला. मार्चमध्ये पाणी प्यायलो ते नगरपालिकेच्या परवानगीनं. आता परवानगी नाही, तर हक्कानं.

इथे गोष्ट कचेरीतून कोर्टात जाते. १२ डिसेंबर १९२७ रोजी महाडच्या काही सवर्ण रहिवाशांनी तिथल्या दिवाणी कोर्टात बाबासाहेब आणि त्यांच्या सहकाऱ्यांविरुद्ध दावा लावला. दोन दिवसांत, १४ तारखेला, तात्पुरता मनाई हुकूम मिळवला.

दाव्यात म्हणणं काय होतं? तळं सार्वजनिक नव्हेच. ते 'चौधरी' स्वरूपाचं, म्हणजे चहूबाजूंच्या जमीनमालकांच्या मालकीचं खाजगी तळं आहे, आणि अस्पृश्यांना तिथे येऊ न देण्याची फार पुरातन वहिवाट आहे. (भाषेची गंमत पाहा. आपण 'चवदार' म्हणजे चवीचं, गोड पाण्याचं असं समजतो. दाव्यात त्याच नावातून चार बाजूंची मालकी निघाली. एका शब्दावर एवढा मोठा हक्क टांगलेला मी दुसरीकडे पाहिला नाही.)

आणि आता यातली मेख. तळं खाजगी असेल, तर नगरपालिकेचा १९२४ चा ठराव निरर्थक. कबूल. पण मग ४ ऑगस्टचा रद्द करणारा ठरावही तितकाच निरर्थक! ज्या तळ्यावर नगरपालिकेचा अधिकार नाही ते तिनं बंद तरी कसं करायचं? ऑगस्टमध्ये तळं नगरपालिकेचं होतं, डिसेंबरात त्याच बाजूची मंडळी म्हणाली ते नगरपालिकेचं नाही. हक्क वाचवायचा तर मालकी बदला, असा हा प्रकार.

डिसेंबरातली परिषद झालीच. सवर्णांनी जागा दिली नाही, तेव्हा फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांनी आपली जमीन मांडवासाठी दिली. बाबासाहेब मुंबईहून बोटीनं दासगावला उतरले आणि तिथून पायी पाच मैल महाडला. मनाई हुकूम समोर होता. ३,८८४ जणांनी सत्याग्रहासाठी नावं नोंदवली होती, तुरुंगात जायला तयार होते. कलेक्टर समजावत होता. बाबासाहेब बॅरिस्टर. त्यांना दिसत होतं की कोर्टाचा हुकूम मोडला तर भांडण सनातन्यांशी राहत नाही, सरकारशी होतं. त्यांनी सत्याग्रह तहकूब करायला परिषदेला राजी केलं. सोपं गेलं नसणार. २५ तारखेच्या रात्री मनुस्मृती जाळली गेली, ठराव मांडणारे गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे ब्राह्मण होते. २७ तारखेला भली मोठी मिरवणूक निघाली आणि तळ्याला वळसा घालून परतली.

पाण्याला कुणी शिवलं नाही. पण वळसा कुठून घातला? तळ्याभोवतीच्या रस्त्यांवरून. ते रस्ते नगरपालिकेचे होते, आणि रस्त्यांवर मनाई नव्हती.

दावा चालला साडेतीन वर्षं. ८ जून १९३१ ला महाडच्या कोर्टानं तो फेटाळला. फिर्यादी ठाण्याच्या जिल्हा कोर्टात गेले, तिथे ३० जानेवारी १९३३ ला अपील फेटाळलं गेलं. मग मुंबई हायकोर्ट. १७ मार्च १९३७ ला न्यायमूर्ती ब्रूमफील्ड आणि वाडिया यांनी दुसरं अपीलही फेटाळलं. हे ब्रूमफील्ड म्हणजे १९२२ मध्ये अहमदाबादला गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा देणारेच. त्या खटल्यातलं त्यांचं सौजन्य सगळ्यांना माहीत असतं, महाडचा निकाल फार कमी जणांना.

निकालात काय आहे? तळं खाजगी नाही, ते नगरपालिकेच्या मालकीचं, हे खालच्या कोर्टातच ठरलं होतं. १९०१ चा जिल्हा नगरपालिका कायदा होता, त्याखाली अशी सार्वजनिक तळी नगरपालिकेकडे येतात. उरला वहिवाटीचा प्रश्न. अस्पृश्य पूर्वी तिथे येत नव्हते, ही गोष्ट कोर्टानं नाकारली नाही. पण कायद्यात वहिवाटीचा हक्क मागायचा तर ती अनादि काळापासूनची असल्याचं सिद्ध करावं लागतं, आणि ते फिर्यादींना करता आलं नाही. एखादी गोष्ट बरीच वर्षं चालत आली एवढ्यानं दुसऱ्याला अडवण्याचा हक्क उत्पन्न होत नाही.

बस्स, एवढंच. निकाल वाचताना आपण वाट पाहत राहतो की आता न्यायमूर्ती अस्पृश्यतेबद्दल एखादं मोठं वाक्य लिहितील. ते लिहीत नाहीत. उलट म्हणतात, वहिवाट सिद्ध झाली असती तर ती वाजवी आहे की नाही, सार्वजनिक हिताविरुद्ध आहे की काय, याचा विचार कदाचित करावा लागला असता. म्हणजे तो प्रश्न त्यांनी उघडलाच नाही. फिर्यादींकडे आणखी दोन-तीनशे वर्षांचे कागद असते तर? मला हा विचार अस्वस्थ करतो. दहा वर्षांचा लढा जिंकला तो पुराव्याच्या एका कलमावर. पण जिंकला, आणि त्यात नगरपालिकेच्या मालकीचा वाटा मोठा होता. सभासदांनी ठराव मागे घेतला, मालकी मागे घेता आली नाही. ती कायद्यानं नगरपालिकेकडे होती, आणि नगरपालिकेची म्हणजे सगळ्यांची.

योगायोगानं त्याच सुमारास, फेब्रुवारी १९३७ च्या निवडणुकीत, बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे सुरबानाना टिपणीस आणि अनंतराव चित्रे दोघेही मुंबई विधानसभेवर निवडून आले होते.

महाडच्या नगरपालिकेची हकिगत इथे संपत नाही. १९ मार्च १९४० ला सत्याग्रहाच्या स्मरणार्थ महाडला सभा झाली, बाबासाहेब आले होते. त्या वेळी नगराध्यक्षांनी त्यांना मानपत्र दिलं. चवदार तळ्याच्या सत्याग्रहाचा गौरव करणारं मानपत्र, तेरा वर्षांपूर्वी ठराव रद्द करणाऱ्याच संस्थेकडून. बाबासाहेबांना ते स्वीकारताना काय वाटलं असेल?

आता शेवटचा कागद. राज्यघटनेचं पंधरावं कलम काढून पाहा. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून भेदभाव नको हे आपण पाठ म्हणतो. त्याच कलमाचा दुसरा भाग सहसा कुणी वाचत नाही. त्यात विहिरी आहेत, तलाव आहेत, स्नानघाट आहेत, रस्ते आहेत. पूर्णतः किंवा अंशतः सरकारी पैशानं राखलेले, किंवा सर्वसाधारण जनतेसाठी वाहिलेले. शेजारी बोल्यांचा १९२३ चा ठराव ठेवून वाचा. जवळपास तीच यादी, तीच सार्वजनिक पैशाची कसोटी. फरक एवढाच की १९२३ मध्ये शिफारस होती. भाच्यांपैकी जे वकील आहेत त्यांनी दोन्ही मजकूर समोरासमोर ठेवून आणखी काय साम्य दिसतं ते मला जरूर कळवावं.